रिकामी सोडायची चौकट

पुण्याहून किंवा नाशिकहून नवऱ्यापाठोपाठ अमेरिकेत पोचलेल्या बाईकडे ओळखपत्रांचा तुटवडा नसतो. पॅन असतो, आधार असतो, मतदार कार्ड असतं, नोकरी केली असेल तर पीएफचा नंबरही असतो. न्यू जर्सीत उतरल्यावर यांतलं काहीच कुणी विचारत नाही. बँक, घरमालक, मोबाइल कंपनी, सगळे एकाच नंबरावर अडून बसतात: ‘सोशल’. आणि एच-४ व्हिसावर आलेल्या बाईला सोशल मिळत नाही.

यात तिच्याविरुद्ध कुणाचा डाव नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक १९३६ पासून दिला जाऊ लागला तो नोकरदारांच्या पगाराची आणि निवृत्तिवेतनाची नोंद ठेवण्यासाठी. पुढे तो प्रत्येकाची ओळख होऊन बसला, तरी परदेशी माणसाला तो द्यायचा की नाही हे आजही मुख्यतः एका प्रश्नावर ठरतं: इथे काम करायची परवानगी आहे का? एच-१बी नवऱ्याला ती आहे, एच-४ बायकोला नाही. (नवरे बायकोच्या व्हिसावर येतात अशीही घरं आता पुष्कळ आहेत, नियम तेच, फक्त माणसं उलट धरावीत.) ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं काम आय-१४० हा अर्ज मंजूर होण्यापर्यंत पोचलेलं आहे, त्यांना मे २०१५ पासून ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, मागता येतो आणि मग सोशलही मिळतो. एल-२ आणि ई व्हिसावरच्या जोडीदारांना तर नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परवान्याचीही गरज उरलेली नाही. त्यांनी सरळ सोशलचा अर्ज करावा, हे प्रकरण त्यांच्यासाठी नाही. हे प्रकरण उरलेल्यांसाठी आहे.

सोशल मिळू शकत नाही, पण कराच्या कागदावर तर नाव यायला हवं, अशा लोकांसाठी आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याने, १९९६ मध्ये एक वेगळा क्रमांक सुरू केला. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव कुणी घेत नाही, सगळे ‘आयटिन’ म्हणतात. नऊ आकडी, दिसायला सोशलसारखाच, फक्त सुरुवात नेहमी ९ ने. त्याच्यावर नोकरी करता येत नाही. त्याने व्हिसाची मुदत वाढत नाही. निवृत्तिवेतनाचा हक्कही मिळत नाही. काही बँका त्याच्यावर खातं किंवा क्रेडिट कार्ड देतात, पण ती त्या बँकांची मर्जी. क्रमांक आहे तो केवळ संघराज्याच्या करासाठी.

मग त्याच्यासाठी एवढी धावपळ कशाला? कारण अमेरिकेचा आयकर नवरा-बायकोला एकत्र मोजतो, आणि हे भारतातून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं नसतं. आपल्याकडे तिचा पॅन वेगळा, त्याचा वेगळा. दोघांनी मिळून एक रिटर्न भरायची सोय आयकर कायद्यात नाही. अमेरिकेतही सुरुवातीला कर माणसागणिकच होता. पण टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत लग्नानंतरची कमाई कायद्याने दोघांची समाईक धरली जाते. तिथल्या जोडप्यांनी नवऱ्याचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून दाखवायला सुरुवात केली आणि १९३० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. बाकीच्या राज्यांतल्या जोडप्यांना अर्थातच ते खुपलं. शेवटी १९४८ मध्ये काँग्रेसने सगळ्याच विवाहितांना वाटणीचा हा फायदा दिला. आजचा जॉइंट रिटर्न तिथून आला.

फायदा किती, ते आकड्यांतच पाहू. २०२५ सालात नवऱ्याचा पगार १,१०,००० डॉलर आहे, बायकोचं उत्पन्न शून्य, मुलं नाहीत, असं धरा. विवाहित माणसाने वेगळा रिटर्न भरला तर स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर, जॉइंट भरला तर ३१,५००. शिवाय जॉइंटमध्ये प्रत्येक टप्पा दुप्पट रुंद होतो, त्यामुळे २२ टक्क्यांच्या टप्प्यात जाणारी रक्कम १२ टक्क्यांतच राहते. वेगळ्या रिटर्नवर संघराज्याचा कर सुमारे १५,६५० डॉलर येतो आणि जॉइंटवर सुमारे ८,९५०. म्हणजे ६,७०० डॉलरचा फरक, तोही बायकोच्या नऊ आकड्यांच्या जोरावर. आणि ‘सिंगल’ म्हणून रिटर्न भरायची पळवाट नाही. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर त्या अख्ख्या वर्षासाठी तुम्ही विवाहित. डिसेंबरच्या मुहूर्तावर सांगलीत लग्न करून एकटाच कामावर परतलेला मुलगाही विवाहितच, आणि बायकोने अजून विमानात पाय ठेवला नसला तरी ठरावीक अटी पाळून दोघं त्या वर्षाचा जॉइंट रिटर्न भरू शकतात.

या अटी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण फायद्याची किंमत त्यांतच वसूल होते. करासाठी ‘रहिवासी’ कोण हे व्हिसाच्या शिक्क्यावर ठरत नाही, दिवसांवर ठरतं. चालू वर्षातले सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षातले एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षातले एक षष्ठांश, अशी बेरीज १८३ झाली की माणूस रहिवासी (चालू वर्षात किमान ३१ दिवस हजेरी हवीच). ऑक्टोबरात आलेली बायको पहिल्या वर्षी या गणितात बसत नाही. मार्चमध्ये आलेली बसते, पण तीही आल्या दिवसापासूनच, वर्षाच्या सुरुवातीपासून नाही. दोघींनाही जॉइंट रिटर्न हवा असेल तर रिटर्नला एक निवेदन जोडावं लागतं: आम्हाला पूर्ण वर्षासाठी रहिवासी धरा. त्याच्यावर दोघांच्या सह्या.

आणि रहिवासी धरलं की अमेरिका जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. ऑक्टोबरात आलेल्या त्या बाईने जानेवारी ते सप्टेंबर हिंजवडीत नोकरी केली असेल तर तो पगार या रिटर्नमध्ये दाखवायचा. आईवडिलांनी तिच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज दाखवायचं. भारतात कापलेल्या करापोटी सूट मागता येते, त्यामुळे पगारावर दुहेरी कर सहसा पडत नाही, पण दाखवणं टळत नाही. भारतातले म्युच्युअल फंड हा तर आणखी जाचक प्रकार. अमेरिकी कायदा त्यांना परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्यांच्या खात्यात टाकतो, त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आणि वेगळा, कडक हिशोब असतो. शिवाय दिवसांच्या मोजणीने रहिवासी ठरलेल्या माणसाच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार नावाचं स्वतंत्र विवरण अमेरिकेच्या अर्थखात्याकडे द्यावं लागतं. ते कराचं विवरण नाही, त्यात एक डॉलरही भरायचा नसतो, पण विसरल्याचा दंड मोठा. म्हणून भारतात बऱ्यापैकी कमावणाऱ्या किंवा बरीच गुंतवणूक असणाऱ्या बायकोच्या बाबतीत पहिल्या वर्षी जॉइंट रिटर्न डोळे झाकून भरू नये, दोन्ही हिशोब मांडून पाहावेत. ज्या घरात तिचं उत्पन्न नाममात्र आहे तिथे मात्र उत्तर जवळजवळ नेहमी जॉइंटच येतं.

आता अर्ज. नवख्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो: आयटिन आधी मिळवून मग रिटर्न भरायचा, असा क्रम नाही. डब्ल्यू-७ हा अर्ज रिटर्नला जोडूनच पाठवायचा असतो. रिटर्न नसेल तर, मोजके अपवाद सोडता, अर्ज घेतच नाहीत. रिटर्नवर बायकोच्या नावापुढे नंबराची जी चौकट असते ती रिकामी सोडायची. काही लिहायचं नाही, शून्यं भरायची नाहीत, पॅन तर मुळीच नाही. (पॅनला जागा आहे, पण ती डब्ल्यू-७ वर, परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात.) हा सगळा गठ्ठा आयआरएसच्या नेहमीच्या पत्त्यावर न जाता टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आयटिन विभागाकडे जातो. तिथे आधी क्रमांक तयार होतो, तो रिटर्नवर चढतो आणि मग रिटर्न पुढे सरकतो. साहजिकच पहिल्या वर्षी बहुतेकांना ऑनलाइन रिटर्न भरता येत नाही, कागदच पाठवावे लागतात. कर द्यायचा असेल तर तो मात्र १५ एप्रिलच्या आत नवऱ्याच्या सोशलवर भरून टाकावा, क्रमांकाची वाट पाहू नये.

अर्जाच्या डोक्यावर कारणांची यादी असते, एका कारणापुढे खूण करायची. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इमिग्रेशनच्या लेखी एच-४ बाई ‘डिपेंडंट’, म्हणून लोक कराच्या अर्जातही ‘डिपेंडंट’च्या चौकटीत खूण करतात. अमेरिकी करकायद्यात नवरा किंवा बायको कधीच डिपेंडंट नसते, ती जागा मुलांची आणि पोसल्या जाणाऱ्या आईवडिलांची. एच-१बी नवरा रहिवासी झालेला असेल आणि जॉइंट रिटर्न भरायचा असेल तर खूण ‘ई’ समोर, म्हणजे नागरिक किंवा रहिवासी व्यक्तीचा जोडीदार. ‘जी’ ही चौकट व्हिसाधारक अनिवासी माणसाच्या कुटुंबीयांची. व्हिसाचं नाव दिसल्यामुळे तीच आपली वाटते, बहुतेकदा ती नसते.

‘जी’त खरोखर बसणाऱ्यांना तर बहुतेक वेळा क्रमांकच मिळत नाही. एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं दिवसांच्या मोजणीतून वगळलेला, म्हणजे अनिवासी. त्याला जॉइंट रिटर्न भरता येत नाही. पूर्वी भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका कर करारामुळे बायकोच्या नावाने वजावट मिळे, म्हणून तिला आयटिनही मिळे. २०१८ पासून ती माणशी वजावट शून्य झाली आणि आयआरएसने नियम घातला, की ज्याच्यामुळे रिटर्नवर प्रत्यक्ष काही फायदा होतो त्यालाच क्रमांक मिळेल. एफ-२ बायकोने त्यामुळे डब्ल्यू-७ च्या भानगडीत सहसा पडू नये. तिला दरवर्षी ८८४३ नावाचा छोटा फॉर्म द्यायचा असतो आणि त्याला कोणताच क्रमांक लागत नाही.

कागदपत्रांत पासपोर्टला तोड नाही. ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारं तेवढं एकच कागदपत्र आहे. तो नसेल तर बाकीच्या बारांतून किमान दोन जोडावी लागतात. पण पासपोर्ट मूळ हवा, नाहीतर ज्यांनी तो दिला त्यांनीच प्रमाणित केलेली प्रत हवी, म्हणजे आपल्या बाबतीत भारतीय वकिलातीची. इथे महाराष्ट्रातली सवय नडते. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मारलेल्या झेरॉक्सवर आपल्या पिढ्या शिकल्या, नोकरीला लागल्या. अमेरिकेत नोटरी कोपऱ्याकोपऱ्यावर असतो, तेव्हा त्याच्याकडून ट्रू कॉपी करून घ्यावी असं वाटणं स्वाभाविक. आयआरएस ती घेत नाही.

पूर्वी घेत असे. जुलै २०१२ मध्ये अर्थखात्याच्या करविषयक महानिरीक्षकांनी आयटिनच्या कारभारावर अहवाल दिला आणि त्यातल्या गोष्टी वाचून लोक हबकले: अटलांटातल्या एकाच पत्त्यावर २३,९९४ परतावे गेले होते, एकूण ४ कोटी ६३ लाख डॉलरहून अधिक. खोटी कागदपत्रं ओळखण्यापेक्षा गठ्ठे निकाली काढण्यावर भर होता, असा ठपकाही होता. त्याच उन्हाळ्यात नोटरीच्या प्रती बंद झाल्या. ठाण्याच्या एखाद्या सरळमार्गी बाईला आपला पासपोर्ट टपालाने ऑस्टिनला पाठवावा लागतो, त्यामागे हे आहे.

माझं मत विचाराल तर पाठवू नये. मूळ कागदपत्रं परत यायला ६० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि तेवढ्यात भारतात कुणाचं आजारपण निघालं तर पासपोर्टवाचून बाई अडकून पडते. त्यापेक्षा तीन रस्ते बरे. वकिलातीकडून प्रमाणित प्रत घ्यावी. किंवा आयआरएसच्या ठरावीक करदाता साहाय्य केंद्रांत वेळ घेऊन जावं; तिथे पासपोर्ट समोरच तपासून लगेच हातात देतात. किंवा सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट गाठावा. हे आयआरएसने नेमलेले, पण खासगी लोक असतात. ते पासपोर्ट तपासून दाखला जोडतात, पासपोर्ट आपल्याकडेच राहतो. भारतातही असे एजंट आहेत, सांगलीत थांबलेल्या त्या नव्या नवरीला तेच सोयीचे. आयआरएस अर्जाला एक पैसा घेत नाही, एजंट आपली फी घेतो. ती आधी विचारून घ्यावी. टपालानेच पाठवणं भाग असेल तर परतीचं कुरिअरचं पाकीट पैसे भरून आत ठेवावं आणि पासपोर्टच्या व्हिसाच्या पानासकट प्रती व आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, घरी ठेवावं.

मराठी घरांसाठी एक खास सूचना नावाविषयी. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापाठोपाठ वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव येतं आणि मग आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही पालटलेली असतात, काही घरांत पहिलं नावही. डब्ल्यू-७ वर नावाच्या दोन ओळी आहेत: एक आजचं कायदेशीर नाव, दुसरी जन्माच्या वेळचं नाव, वेगळं असेल तर. पहिल्या ओळीत पासपोर्टवर आहे तसंच लिहावं, अगदी स्पेलिंगसकट, आणि रिटर्नवरही तेच. बँकेत एक, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं नाव असेल, तर आधी पासपोर्ट नीट करून घेणं शहाणपणाचं. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर. ५ ऑगस्टचा ८ मे झाला की चौकशीचं पत्र आलंच म्हणून समजा.

वाट पाहण्याचा काळ साधारण सात आठवडे, १५ जानेवारी ते ३० एप्रिलच्या गर्दीत किंवा परदेशातून अर्ज केला तर नऊ ते अकरा. काम झालं की सीपी५६५ क्रमांकाचं पत्र येतं, त्यात आयटिन असतो. कार्ड वगैरे काही मिळत नाही, ते पत्र जपून ठेवायचं. सीपी५६६ आलं तर काहीतरी कमी आहे, ४५ दिवसांत उत्तर द्यायचं. सीपी५६७ म्हणजे नकार. मुदतीच्या आत कागद जमत नसतील तर नवऱ्याने विवाहित-वेगळा असा रिटर्न भरून द्यावा आणि नंतर तीन वर्षांच्या आत दुरुस्त रिटर्न, म्हणजे १०४०-एक्स, डब्ल्यू-७ जोडून पाठवावा. उलट मात्र चालत नाही: एकदा जॉइंट भरला की मुदत उलटल्यावर वेगळा करता येत नाही.

आयटिन आणि सोशल यांतला फरक किती बोचरा असू शकतो हे २०२० मध्ये दिसलं. करोनाच्या पहिल्या मदत कायद्यात माणशी १,२०० डॉलर जाहीर झाले, पण जॉइंट रिटर्नवर नवरा-बायको दोघांचाही सोशल हवा अशी अट होती. सवलत फक्त सैन्यातल्या जोडप्यांना. एच-१बी नवऱ्याकडे सोशल, अमेरिकेतच जन्मलेल्या मुलाकडे सोशल, बायकोकडे आयटिन, अशा घराला एक डॉलरही मिळाला नाही. वर्षानुवर्षं पूर्ण कर भरणाऱ्या घरातही तिच्या एका क्रमांकामुळे सगळ्यांचं नाव कटलं. २७ डिसेंबर २०२० ला सही झालेल्या दुसऱ्या कायद्याने हे सुधारलं, सोशल असलेल्यांचा वाटा मागील तारखेपासून त्या वर्षीच्या रिटर्नवर मागता आला. बायकोचा वाटा मात्र मिळाला नाही. मुलांच्या सवलतीतही हीच रेघ आहे: अमेरिकेत जन्मलेल्या, सोशल असलेल्या मुलामागे २०२५ साली २,२०० डॉलरपर्यंत, भारतात जन्मलेल्या आयटिनवाल्या मुलामागे ५००.

आणि सही. डब्ल्यू-७ वर बायकोची सही लागते, जॉइंट रिटर्नवरही. ‘इथे सही कर’ म्हणून कागद पुढे सरकवण्याची पद्धत अनेक सुशिक्षित घरांतही आहे. जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या वर्षाच्या सगळ्या कराची जबाबदारी दोघांवर, प्रत्येकावर पूर्ण. तिने एक डॉलर कमावलेला नसला आणि पुढे घटस्फोट झाला तरी आयआरएस तिच्याकडे वसुलीला येऊ शकते. नवऱ्याने लपवलेल्या उत्पन्नाची आपल्याला कल्पना नव्हती असं सिद्ध करून सुटका मागता येते, त्याला ८८५७ हा फॉर्म आहे, पण तो रस्ता लांबचा. तेव्हा बायकांनो, सही करण्याआधी रिटर्न मागून घ्या, नवऱ्याचा डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचं वार्षिक विवरण, शेजारी ठेवून वाचा, आणि एक पूर्ण प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

क्रमांक मिळाल्यावर तो वापरात राहायला हवा. सलग तीन वर्षं कोणत्याही रिटर्नवर आला नाही तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो रद्द होतो. मधली काही वर्षं भारतात काढून परतणाऱ्यांना हे उशिरा कळतं आणि पुन्हा डब्ल्यू-७ भरावा लागतो. ईएडी येऊन सोशल मिळाला तर आयटिन त्याच दिवशी थांबवायचा, दोन्ही वापरायचे नाहीत. ऑस्टिनला साधं पत्र लिहायचं: नाव, पत्ता, जुना आयटिन, सोबत सोशल कार्डाची आणि असल्यास सीपी५६५ ची प्रत. त्यावरून जुन्या नोंदी नव्या क्रमांकाखाली आणल्या जातात. बँकेला आयटिन दिलेला असेल तर तिथेही कळवायचं. या पत्राला फॉर्म नाही आणि फी नाही.